वाट पाहत आहे: हौसाबाई

माझ्या नातीचं लग्न माझ्यामुळं मोडलं. तेही माझ्या गैरहजेरीत. मी इथं विट्यात, आमच्या मंगल कार्यालयाच्या कोठीघरात आचाऱ्याशी जिऱ्यावरून भांडत होते, आणि तिकडं कुठल्यातरी यंत्राच्या पोटात दुसरी हौसाबाई बसून सोयरिकीला नाही म्हणत होती. एकदा नव्हे, जितक्या वेळा मांडून बघितलं तितक्या वेळा.

ही बातमी माझ्या लेकानं आणली. धनाजी माझा एकुलता एक. कार्यालयाचा कारभार तो बघतो, असं त्याला वाटतं. चपला पायात तशाच ठेवून कोठीघराच्या दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी नासलंय.

"आक्का, देवकरांचा फोन होता. म्हणतात, मांडणीत जमत नाहीये."

"काय जमत नाहीये? पोरगा पोरगी कधीची एकमेकांना पसंत करून बसलीत की."

"त्या दोघांचं झकास आहे. पार म्हातारपणापर्यंत. पण तिथवर गाडी पोचतच नाही. बोलणी चालू असतानाच मोडतं."

"कुणामुळं?"

धनाजी कॅलेंडरकडं बघायला लागला. लहानपणी शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हाही कॅलेंडरच बघायचा.

"वधूकडची आजी, असं आलंय."

"शालूची आईकडची आजी तर देवाघरी गेली."

"हो."

"मग आजी आजी काय लावलंयस? तोंडावर म्हण की, तू."

आता ही मांडणी काय भानगड आहे ते सांगते. मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई, पण आता लग्नाच्या धंद्यात राहायचं तर हे कळून घ्यावंच लागतं. पूर्वी लोक पत्रिका बघायचे. हल्ली मांडणी करतात. दोन्ही घरच्या माणसांची चाल, बोली, हट्ट, सगळं यंत्राला सांगायचं. यंत्र त्या सगळ्यांची सोंगं करतं आणि त्यांचा संसार पुढं चालवून दाखवतं. कुठं भांडण होईल, कोण कुणाला कधी टाकून बोलेल, सगळं. पत्रिकेत निदान शनी-मंगळ वाईट निघायचे. यात घरची माणसं निघतात.

आणि गंमत अशी, की ही मांडणी जी कंपनी बनवते, त्याच पुण्यातल्या कंपनीत माझी शालू काम करते. शाल्मली हे नाव सुनेनं ठेवलं, मी शालूच म्हणते. मूळचं ते अवजार पाऊस बघायला, रोगाची साथ बघायला, जत्रेत चेंगराचेंगरी होईल का ते बघायला केलेलं. लोकांनी ते लग्नाला लावलं. आमच्या लोकांना काहीही द्या, शेवटी ते लग्नाला लावतात.

माझं सोंग तयार करायला त्या यंत्रानं माझी मुलाखत घेतली होती. फोनमधून, गोड आवाजात. "आजी, तुम्हाला राग कधी येतो?" मी म्हटलं, "असलं विचारल्यावर." ते म्हणालं, "धन्यवाद, नोंद घेतली." तेव्हाच मला कळायला हवं होतं.

देवकर तसे आमच्याच खानापूर तालुक्यातले, पण गलाईवाले. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. त्यापायी आमच्याकडची घरंच्या घरं देशभर पांगलीत. हे कोईमतूरला गेले आणि तिथलेच झाले. पोरगा निनाद, चांगला आहे, माझ्या हातच्या आमटीला दोनदा वाटी पुढं करतो. त्याची आई विजयमाला मात्र यंत्राच्या शब्दाबाहेर जायची नाही. थोरल्या पोराचं लग्न तिनं न मांडता केलं, ते वर्षाच्या आत मोडलं. तेव्हापासून बाई दुधानं तोंड पोळल्यासारखी वागते. आता ती रविवारी येणार होती. नाही म्हणायला. फोनवरून नकार देणं बरं दिसत नाही म्हणून घरी येऊन देणार.

शनिवारी सकाळी शालू पुण्याहून आली. डोळे सुजलेले. आल्या आल्या मोठ्या हॉलमध्ये गेली आणि खिडकीत यंत्र उघडून बसली. मी पाठोपाठ गेले.

"तुझ्या त्या अवजाराला माझा नमस्कार सांग," मी म्हटलं. "म्हणावं, ज्या बाईनं या तालुक्यातली अर्धी लग्नं लावली, तिला तू नातीची सोयरीक मोडणारी ठरवलंस."

"आक्का, बस ना. मला तुला काहीतरी सांगायचंय."

"उभ्यानं ऐकू येतं मला."

पण बसले. हॉलमध्ये उद्याच्या पंगतीचे पाट मांडून ठेवलेले होते. शालूनं त्यांच्याकडंच बोट दाखवलं.

"मोठा प्रश्न एका यंत्रावर टाकला तर त्याला कायमचा वेळ लागेल. म्हणून त्याचे तुकडे करतात आणि एकेक तुकडा वेगळ्या यंत्राला देतात. सगळी एकदमच चालतात, शेजारी शेजारी. पावसाचं असेल तर या तालुक्याचं आभाळ एकाकडं, पलीकडच्या तालुक्याचं दुसऱ्याकडं. ढग शिवेवर आला की यानं त्याला निरोप धाडायचा. लग्नात एकेक माणूस म्हणजे एकेक तुकडा. हे तुकडे पाडायचं आणि परत शिवायचं काम पूर्वी मोठमोठे लोक महिनोन् महिने करायचे. आमचं अवजार ते आपोआप करतं. तू बोलून सांगितलंस की मांडणी तयार."

"मग घोडं कुठं अडलं?"

"वेळेत. प्रत्येक तुकड्याचं घड्याळ आपापलं. एखादा पुढं पळतो, एखादा रेंगाळतो. त्यांचा मेळ घालायच्या दोन रीती आहेत. एकीला आम्ही पंगत म्हणतो. नाव मीच दिलंय. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, शेवटच्याचं आटोपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. प्रत्येक पावलाला सगळे सगळ्यांसाठी थांबतात. उत्तर बरोबर येतं, पण जो सगळ्यात हळू त्याच्या चालीनं सगळं चालतं."

"बरोबर आहे. माणसासारखं आहे. आणि दुसरी रीत?"

शालूनं मान खाली घातली. "बुफे."

मला बुफेचा किती तिटकारा आहे ते माझ्या कार्यालयात पाय ठेवलेल्या कुणालाही विचारा. हातात ताट घेऊन म्हशीसारखं उभ्यानं चरायचं, आणि ज्याच्या घरचं कार्य त्याला न सांगता सटकायचं.

"बुफेत कुणी कुणासाठी थांबत नाही," शालू म्हणाली. "आपापलं पुढं जायचं. मागून एखाद्याचा निरोप उशिरा आला, तर केलेलं सगळं उलटं करायचं, मागं जायचं, आणि निरोप धरून परत करायचं."

"म्हणजे खाल्लेलं परत ताटात?"

"शी, आक्का! पण हो. यंत्राला येतं तसं. आणि फार जलद होतं. फक्त किती मागं जायचं त्याला एक हद्द घालावी लागते. सगळं जुनं जपून ठेवायला जागा पुरत नाही. हद्दीच्याही मागचा निरोप आला, तर तो टाकून देतात."

"टाकून? कुणाचा निरोप आहे ते न बघता?"

"न बघता. निनादनं घाई घाईत बुफे लावलं. आपल्या घरचे तुकडे आपल्या यंत्रावर, त्यांच्या घरचे कोईमतूरला, म्हणजे एकमेकांची गुपितं कळायला नकोत. मधून फक्त निरोप. काल मी यंत्रानं टाकून दिलेले निरोप उकरून बघितले." तिनं डोळे पुसले. "प्रत्येक वेळी एकच होता. 'बरं, होऊ द्या.' तुझ्या नावानं."

हॉलच्या टोकाला धनाजी खुर्च्या हलवत होता, तो थांबला.

"मग तो उशिरा का पोचला?"

"कारण तुझा तुकडा सगळ्यात जड आहे. घरातला प्रत्येक निरोप तुझ्यावरून जातो. आईला साडी घ्यायची तर तुला विचारायचं, बाबांना गाडी बदलायची तर तुला, शेजारच्या काकूंचं भांडणही तुझ्याकडं. यंत्रातली हौसाबाई सगळ्यांना उत्तरं देत बसते. आणि..."

"बोल. एवढं बोललीस."

"आणि तू आधी नाही म्हणतेस. ते लगेच पोचतं. 'हो' मागून येतं."

"मी? मी कधी नाही म्हणते?"

नेमका तेव्हाच आमचा मल्लाप्पा आचारी झाऱ्यासकट दारात आला. "आक्का, उद्या पाहुण्यांना शेवयाची खीर करू?"

"नाही," मी म्हटलं. "सकाळी गोड, दुपारी गोड, माणसं आहेत का मुंग्या?"

मल्लाप्पा हलला नाही. झारा दुसऱ्या हातात घेतला आणि छताकडं बघत उभा राहिला.

"कर," मी म्हटलं. "वेलदोडा हात सोडून घाल. मागच्या वेळी नुसता वास दाखवलास."

तो गेला. शालू रडता रडता हसत होती. खुर्च्यांआडून धनाजीचंही खुसखुस ऐकू आलं.

"मल्लाप्पाला थांबायचं असतं हे माहीत आहे," शालू म्हणाली. "कोईमतूरच्या यंत्राला नाही. तुझं 'नाही' पोचलं की तिथल्या विजयमालाकाकू दुखावतात, पुढं निघून जातात, सोयरीक मोडतात. तुझा होकार येतो तेव्हा हद्द ओलांडलेली असते. आणि ती हद्द आक्का, मीच लिहिलीय. त्याच्याबद्दल मला कंपनीत बक्षीस मिळालं होतं. तू सगळ्यांना पेढे वाटले होतेस."

मला आठवले ते पेढे. मी म्हटलं, "मग आता लाव की पंगतीनं."

"काल रात्रीच लावलं. बघ."

तिनं यंत्राचं तोंड माझ्याकडं फिरवलं. पाटीवर ठळक अक्षरं होती, तिसरीपर्यंतच्या शाळेला पुरतील एवढी मोठी. *वाट पाहत आहे: हौसाबाई.*

"कधी संपणार?"

"उद्यापर्यंत तरी नाही. सगळे तुझ्यापाशी अडतात."

खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. मग दुसरंच काहीतरी टोचलं.

"शालू, माझं सोंग काय म्हणतं ते विचारायला तू पुण्यापासून कोईमतूरपर्यंत यंत्रं जोडलीस. मी इथं दारात बसलेली असते. मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली. सरळ माझ्याकडं बघून. "आणि मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मला निनाद हवाय, आक्का. यंत्रात काहीही येवो. पण काकू यंत्राशिवाय ऐकणार नाहीत, आणि तुझ्या मनाविरुद्ध मी जाणार नाही. मग मी करू तरी काय?"

मी उठले आणि मल्लाप्पाला शिव्या द्यायला स्वयंपाकघरात गेले.

रविवारी देवकर आले. बिनड्रायव्हरची गाडी दारात उभी राहिली आणि त्यातून निनाद, त्याच्यामागं विजयमाला उतरली. काठापदराची जड साडी, केसात गजरा. तोंड उघडलं तर बोली मात्र इथली जुनी, आमच्या पोरांना आता न कळणारी. निनाद शालूकडं बघत नव्हता, शालू निनादकडं बघत नव्हती, म्हणजे दोघं दुसरं काहीच बघत नव्हती.

"आक्का, जरा बोलायचं होतं," विजयमाला उंबऱ्यातच म्हणाली.

"आधी जेवण. माझ्या दारातून उपाशीपोटी नकार घेऊन कुणी गेलेलं नाही."

तिनं ओठ मिटले. नकार म्हटल्यावर धनाजीला ठसका लागला.

पंगत बसली. आम्ही एवढेच घरचे, तरी पाटावरच बसवलं. गुडघे बदलून घेतल्यापासून मी लेकापेक्षा बरी मांडी घालते. सून मल्लाप्पाबरोबर आत होती, वाढायला आमचं चाकांचं वाढप्या यंत्र होतं. धनाजीनं हौसेनं घेतलंय, ताट रिकामं दिसलं की येऊन विचारतं. खीर झाली, आमटी-भात झाला, ताक-भात आला. खिडकीत शालूचं यंत्र उघडंच होतं.

ताक-भात संपवून विजयमालानं हात ताटात धरला.

"आक्का, राग नका मानू. यंत्रात सारखं एकाच जागी अडलं. तेच तुम्हाला तोंडानं विचारते, म्हणजे माझ्याही मनाला रुखरुख नको. लग्न कोईमतूरला केलं तर चालेल का?"

"नाही," मी म्हटलं.

तोंडातून गेलं. विचारानं नाही, सवयीनं गेलं. पण नुसती सवय होती म्हणू नका. माझं स्वतःचं कार्यालय, माझे आचारी, माझा हा हॉल. परक्यांच्या पोरी मी इथून वाजत गाजत पाठवल्या, आणि माझ्या नातीची अक्षता परमुलखात पडायची? लोक काय म्हणतील ते राहू दे, ह्या भिंती काय म्हणतील?

"झालं तर मग," विजयमाला म्हणाली. शांतपणे. "यंत्र बरोबरच होतं." तिनं पाण्याचं भांडं सरकवलं आणि पाटावरून उठायला एक हात जमिनीला टेकवला.

"काकू, थांबा," शालू म्हणाली. "आक्काचं ताट अजून संपलेलं नाही."

विजयमाला अर्धवट उठलेली तशीच राहिली. माझ्या ताटात ताक-भाताचा एकच घास उरला होता. तिनं घासाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग हळूच परत बसली. कोईमतूरला राहून सगळं विसरली असेल, पण पंगतीत वडीलधारं माणूस जेवत असताना उठायचं नाही, हे नाही विसरली. त्या क्षणी ती बाई मला पहिल्यांदा आवडली.

तो घास मी घेतला असता तर पंगत उठली असती. मी नाही घेतला.

वाढप्या यंत्र चाकांवरून आलं. "ताट उचलू का?"

"उचलून बघ," मी म्हटलं. ते मागं सरलं.

निनाद हळूच म्हणाला, "आई, आपण अडकलो."

"गप्प बस," विजयमाला म्हणाली. मग थोड्या वेळानं मला, "आक्का, घास गार होतोय."

"ताक-भात गरम कधी होता?"

शालूनं तोंडाला पदर लावला. ओढणी होती, पण लावली पदरासारखी. धनाजीनं उगाच मीठ चाटलं. कुणाला बोलता येईना, कुणाला उठता येईना. आणि अशा रिकाम्या वेळात माणसाला जे सुचतं ते मला सुचलं. इतक्या वेळा यंत्रात मांडलं, इतके फोन झाले, पण एक गोष्ट कुणी कुणाला विचारलीच नव्हती.

"कोईमतूरलाच का गं?" मी म्हटलं. "इथं काय कमी आहे?"

विजयमाला जरा बिचकली. हा प्रश्न येईल याची तयारी तिनं केलेली नव्हती.

"आमच्या शेजारी सेल्वी पाटी राहतात," ती म्हणाली. "पाटी म्हणजे आजी. मी नवी नवरी तिथं गेले, तेव्हा भाषा येत नव्हती, चूल मांडायला जागा नव्हती. मालकांना भट्टीवर रात्रंदिवस काम. सहा महिने त्या बाईनं मला आपल्या पानावर बसवून जेवू घातलं. एक शब्द एकमेकींना कळायचा नाही. आता त्यांना जिना उतरवत नाही. इथवर कुठल्या येणार? माझ्या थोरल्याचं लग्न मी इथं गावी केलं. त्यांनी दारात बसून वाट बघितली, लग्नातल्या जेवणाचं निदान एक पान तरी येईल म्हणून. निनादच्या लग्नात मला त्यांना पंगतीच्या पहिल्या पानावर बसवायचंय. बास. दुसरं काही नाही."

"हे तू यंत्राला सांगितलं होतंस?"

"तुमचं 'नाही' आलं की पुढं सांगायला काय उरतं?"

तिचंही बरोबर होतं. मलाही राग आला, तो नेमका कुणाचा ते कळेना. तिचा, माझा, का त्या बुफेचा.

मी घास बोटांनी गोळा केला. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. शालूची तर नजर हलत नव्हती. लहानपणी मी तिला भरवायचे तेव्हा ती अशीच हाताकडं बघायची, पुढचा घास कधी येतो म्हणून. ज्या म्हातारीनं परक्याच्या सुनेला जेवू घातलं, तिच्याआधी मी स्वतःला पहिल्या पानावर बसवू? एवढी मी खालच्या दर्जाची यजमानीण नाही.

"बरं," मी म्हटलं, "होऊ द्या."

शालूनं डोळे मिटले. तिला ते शब्द ओळखीचे होते.

"पण आचारी माझे येतील," मी म्हटलं. "मल्लाप्पा आणि त्याची सगळी भांडी."

"नाही," विजयमाला म्हणाली.

मी घास तसाच हातात धरून छताकडं बघत बसले.

"तसं..." विजयमाला म्हणाली, "आमटी तुमची. सांबार आमच्याकडचं. पाटींना तुमचं तिखट सोसायचं नाही."

"खीर?"

"खीर तुमचीच. आज चांगली झालीय. वेलदोडा जरा जास्त पडलाय."

असल्या बाईशी सोयरीक करायला मी नाही म्हणत होते.

मी शेवटचा घास तोंडात टाकला, सावकाश चावला, वर पाणी प्याले, आणि म्हटलं, "उठा आता."

सगळे एकदम उठले. निनादला पायात मुंग्या आल्या म्हणून शालूनं त्याला हात दिला, तो मग सोडला नाही. धनाजी हात धुवायला जाता जाता खिडकीपाशी थांबला. यंत्रावर अजून तीच पाटी होती, *वाट पाहत आहे: हौसाबाई.*

"आक्का, हे बंद करू का आता?"

"राहू दे," मी म्हटलं. "त्या बाईचं अजून जेवण चाललंय."